आतलं इथून, बाहेरचं तिथून : परदेशातल्या हिवाळ्यासाठी लेकरांची खरेदी

दिवाळी उरकली की संभाजीनगरात तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटरचे स्टॉल लागतात आणि गुलमंडी, पैठण गेटच्या दुकानांत दर्शनी भागात फुगीर जॅकेटं टांगली जातात. नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, चित्र तेच. या गर्दीत हल्ली एक नवं गिऱ्हाईक दिसतं. त्याला इथल्या थंडीसाठी काहीच नको असतं. लेक-जावई किंवा मुलगा-सून बारक्या लेकरांना घेऊन टोरांटोला, म्युनिकला निघालेले असतात आणि आजी-आजोबा यादी घेऊन बाजारात उतरलेले असतात. दुकानदार जॅकेट पुढं करून म्हणतो, "घ्या काकू, मायनस वीसला बी चालतंय."

चालत नाही. पण म्हणून सगळा बाजार टाकाऊ ठरत नाही. अंगाला लागून असतं ते आणि त्याच्यावरचा लोकरी थर इथून न्यावा. बर्फाला, पाण्याला, वाऱ्याला भिडतं ते तिथे जाऊन घ्यावं. कोणत्या वस्तूला पैसे घालावेत आणि कोणती तिथेच टांगलेली राहू द्यावी, ते पुढे.

आधी गाव कोणतं ते विचारा. 'फॉरेनची थंडी' अशी एकच थंडी नसते. लंडनला जानेवारीची सरासरी पाचेक अंश. तिथे बर्फापेक्षा पाऊस आणि चिखल जास्त, म्हणजे उबेइतकाच रेनकोट महत्त्वाचा. म्युनिकला शून्याच्या आगेमागे, बर्फ ओला, कपडे भिजणार. टोरांटो त्याहून खाली. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आणि कॅनडातल्या विनिपेगचा हिवाळा तर वेगळ्याच जातीचा. विनिपेगला जानेवारीची सरासरीच उणे सोळाच्या आसपास. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा एक आकडी झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. त्या अंदाजाने खरेदी केली की फसगत ठरलेली. शिवाय वारा धरावा लागतो. तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला ते उणे ३३ सारखं लागतं. उणे २८ ते उणे ३९ या पट्ट्यात उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. लेकराचे गाल आणि नाकाचा शेंडा आधी पांढरे पडतात आणि ते सांगत नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली असते.

आता जॅकेट, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. बाजारातलं फुगीर जॅकेट हातात घेतलं की गुबगुबीत लागतं आणि मन भरतं. ते उलटं करा. मोबाइलचा टॉर्च आतून लावून बाहेरून बघा. जिथे जिथे आडव्या शिवणी आहेत तिथे उजेड आरपार येतो. शिवणीच्या रेषेत आतला फायबर चेपून नाहीसा झालेला असतो आणि सुईच्या भोकांतून वारा सरळ आत शिरतो. खांद्यावर चिमटीत धरून बघा. दुकानात वर्षभर टांगून राहिलेल्या जॅकेटात भरण खाली उतरलेलं असतं, खांदे रिकामे आणि पोट जाड. मग दुकानदाराची परवानगी घेऊन बाहीवर चमचाभर पाणी टाका. थेंब मोत्यासारखे गोल राहिले की तो खूश होतो. तिथे थांबू नका. पाच मिनिटांनी त्याच जागी अंगठ्याने दाबून घासा. कापडावर नुसता लेप असेल तर पाणी आत उतरतं. लेकरू बर्फात बसतं, गुडघ्यावर रांगतं, म्हणजे दाब येणारच. बर्फाच्या खऱ्या कपड्यावर पाण्याचा दाब किती सोसतो ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. लेकरांसाठी ५,००० ठीक, ओल्या बर्फाच्या गावी १०,००० बरं. इथल्या लेबलवर तो आकडा बहुतेक नसतोच. शिवणीला आतून चिकटपट्टी नसते, चेनमागे वारा अडवणारी पट्टी नसते, कंबरेला बर्फ आत घुसू नये म्हणून रबराची झालर नसते. यातलं प्रत्येक थोडं थोडं पाणी आत सोडतं, आणि ओलं भरण ऊब धरत नाही.

तरी एक जॅकेट इथून घ्या. विमानतळातून गाडीपर्यंत जायला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गार हवेला, एप्रिलला, आणि लंडनसारख्या गावी वरून रेनकोट चढवून बराचसा हिवाळा काढायला ते पुरतं. महागडं घेऊ नका, मापाचंच घ्या. टोपीला किंवा गळ्याला नाडी असेल तर घरी आल्यावर ती ओढून काढून टाका. युरोपात ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालच्या लेकरांच्या कपड्यांना टोपी-गळ्याशी नाडी ठेवू देत नाही. घसरगुंडीवर नाडी अडकली की फास बसतो.

थर्मलच्या बाबतीत मात्र आपला बाजार चांगलाच आहे. होजिअरीच्या दुकानात लेकरांचे थर्मल वर्षभर मिळतात, फक्त मागावे लागतात. लेबल वाचा. पॉलिस्टर, व्हिस्कोज आणि थोडं इलॅस्टेन असं मिश्रण असेल तर घ्या. कॉटन जास्त असेल तर ते घरात घालायला आणि झोपताना ठीक. बर्फात तासभर धावलेल्या लेकराच्या घामाने ते भिजतं आणि मग अंगाला गार फडकं चिकटल्यागत होतं. आतून रजईसारखं चौकड्या शिवलेलं जाड थर्मल दिसायला उबदार, पण वरच्या सूटमध्ये मावत नाही. काखेत आणि गुडघ्यामागे गोळा होतं. पातळ, अंगासरशी बसणारं निवडा. प्रत्येक लेकरामागे तीन जोड पुरतात : एक अंगावर, एक धुण्यात, एक शाळेच्या बॅगेत. त्याच वेळी पुढच्या मापाचे दोन जोड उचलून ठेवा. आणि आज्ज्यांना एक विनंती : थर्मलखाली सुती बनियन घालू नये. थर्मलचं काम घाम कातडीपासून दूर नेण्याचं आहे. मध्ये सुती बनियन आलं की घाम तिथेच मुरतो.

स्वेटरमध्ये निवड भरपूर आणि गोंधळही तितकाच. तिबेटी स्टॉलवरचा बराचसा माल लुधियानाचा असतो आणि तो मुख्यतः ॲक्रिलिक. ॲक्रिलिक वाईट नाही. हलकं असतं, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही आणि लवकर वाळतं. फक्त त्यातून वारा जातो, म्हणून ते नेहमी मधला थर म्हणून. 'प्युअर वूल' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते आणि बोटाने चुरडली की राख होते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी तयार होतो. आजी हाताने विणणार असेल तर तिला चार गोष्टी आधीच सांगा. गोळ्यांची लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच असते, तेव्हा हरकत नाही. पण खरी लोकर असेल तर तिथल्या मशीनच्या गरम पाण्यात आणि ड्रायरमध्ये ती आटून बाहुलीच्या मापाची होते. जाड वेण्यांची वीण टाळायची. बाही रॅग्लन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडाची, घातली तर काखेत गाठोडं होत नाही. आणि बारीक बटणं, गोंड्यांच्या नाड्या नकोत. तिकडे पाळणाघरात एक बाई दहा-बारा लेकरांना बाहेर न्यायच्या आधी कपडे चढवते. जे लेकराला स्वतः डोक्यातून ओढून घालता येत नाही ते बॅगेत तसंच परत येतं.

फ्लीस म्हणजे पॉलिस्टरचं मऊ, लवदार कापड. इथे ते 'पोलर' म्हणूनही विकतात. एकदा धुतल्यावर ज्याचे गोळे होतात ते हलकं. चोळून बघा, कळतं. पुण्या-मुंबईच्या डिकॅथलॉनमध्ये लेकरांचं साधं फ्लीस मिळतं आणि ते तिथल्या डेकेअरला पुरेसं होतं. जाणारं कोणी त्या बाजूला जाणार असेल तर तिथूनच घ्यावं.

माकडटोपी ही या सगळ्या बाजारातली सर्वोत्तम खरेदी. इथे पोरं थोडी मोठी झाली की लाजतात, पण कान, मान, हनुवटी एकाच वस्तूत झाकणारी, ओढून निघत नाही अशी, सुटं टोक नसलेली चीज दुसरी नाही. मफलर लेकरांना देऊच नये. खेळताना अडकतो, पायात येतो. माकडटोपीचे तीन-चार नग घ्या. घट्ट विणीची, दुहेरी कापडाची असेल तर उत्तम. तोंडापाशी श्वासाची वाफ जमून ती ओली होते आणि उणे दहाच्या खाली कडक होते, म्हणून एक नग नेहमी पिशवीत कोरडा ठेवावा लागतो. वरून जॅकेटची टोपी ओढली की वारा थांबतो. तान्ह्याला मात्र घरात झोपताना कोणतीच टोपी नको. बाळ जास्तीची बरीच उष्णता डोक्यातून सोडतं.

कुंची आणि टोपरं हौसेला न्या. बारशाच्या फोटोत छान दिसतात. गळ्याशी बंद असलेली कुंची झोपेत आणि गाडीच्या सीटमध्ये मात्र घालू नये. हिमरू शालीचंही तेच. ती सुती-रेशमी विणीची, नजरेला सुरेख आणि बर्फात बिनकामाची.

हातमोज्यांत फसवणूक होते ती विणलेल्यांची. विणलेला मोजा बर्फाला लागला की बर्फाचे मणी त्याला लोंबतात, ते वितळतात आणि हात ओला होतो. शिवाय पाच बोटांचा मोजा लेकराला घालणं म्हणजे रोज सकाळी दहा मिनिटं. बोटं एकमेकांना लागून राहिली की जास्त गरम राहतात, म्हणून अंगठा वेगळा आणि बाकीची चार एकत्र, असे मोजे हवेत. बाहेरून पाणी न शिरणारे, मनगटाच्या वर कोपराकडे जाणारे. दोन वर्षांच्या आतल्याला अंगठाही नसला तरी चालतं. हे इथे मिळत नाहीत, तिथे घ्या, आणि किमान दोन जोड घ्या, कारण एक कायम हीटरवर वाळत असतो. इथले विणलेले पातळ मोजे त्यांच्या आत घालायला चांगले.

बुटांचं तर विचारूच नका. पावसाळ्यातला गमबूट बर्फात चालतो असं अनेक जण धरून चालतात. त्याच्या रबराला ऊब नाही. तळवा जमिनीसारखाच थंड होतो. त्यात दोन-दोन पायमोजे कोंबले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. तिथे मिळणाऱ्या बर्फाच्या बुटात आतला नमद्याचा किंवा जाड फ्लीसचा मोजा काढता येतो. तो रोज रात्री बाहेर काढून वाळवायचा, हा मुद्दा नव्याने गेलेल्यांना कोणी सांगत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू ओल्या बुटात पाय घालतं. पुढे सेंटिमीटरभर, फार तर दीड सेंटिमीटर मोकळं असावं. पायमोजा एकच, पण लोकरीचा.

मुख्य वस्तू म्हणजे बर्फाचा सूट. तिथे नवा महाग वाटला तर जुना घ्या, त्यात कमीपणा नाही. एक लेकरू एक हिवाळा घालतं आणि सूट जवळजवळ नवा राहतो. कॅनडात व्हॅल्यू व्हिलेजसारखी दुकानं आहेत, जर्मनीत क्लाइनआनत्सायगन या वेबसाइटवर घराजवळचे लोक जुन्या वस्तू विकतात. हंगामाचा सेल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, तेव्हा पुढच्या वर्षीचं माप घेऊन ठेवावं. तीन वर्षांपर्यंत एकसंध सूट बरा, कारण पाठ उघडी पडत नाही. चेन दोन्ही पायांपर्यंत जाते का बघा, नाहीतर लंगोट बदलायला अख्खं लेकरू सोलून काढावं लागतं. शी-शू सांगायला लागलं की दोन भागांचा घ्या, खालची पँट पट्ट्यांची. पायाखाली रबरी पट्टा हवा. माप एकच नंबर मोठं. दोन नंबर मोठं घेतलं की आसन गुडघ्याशी येतं आणि लेकरू चालताना पडतं. घालायचा क्रम ठरलेला ठेवा : आधी शूला नेणं, मग बर्फाची पँट, बूट, मग गळा झाकणारी बिनटोकाची पट्टी, जॅकेट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की पुढचं सगळं आईलाच करावं लागतं. थर किती, याचं उत्तर मानेच्या मागे बोट घालून मिळतं. तिथे गरम आणि कोरडं असेल तर बरोबर, घाम असेल तर एक थर कमी करा. हात गार लागले म्हणून घाबरून थर वाढवू नका.

गाडीत बसताना हा सूट किंवा फुगीर जॅकेट काढायचंच. कारसीटचा पट्टा जॅकेटवरून घट्ट वाटतो, पण धक्का बसला की भरण चेपतं आणि पट्ट्यात तेवढी ढिलाई तयार होते. खांद्याशी पट्टा चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. पातळ फ्लीसवर पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण. इथे गोधडी कामाला येते.

गोधडीबद्दल भावनेच्या भरात निर्णय होतात. पूर्ण मापाची गोधडी दोन-तीन किलोंची, म्हणजे २३ किलोंच्या बॅगेतला मोठा वाटा. भिजली की तिथल्या मशीनला जड जाते आणि हिवाळ्यात वाळायला दिवस लागतात. म्हणून जुन्या लुगड्याची बाळगोधडीच शिवून द्या, दोन-तीन घड्यांची, हात-दीड हात लांबीची. गाडीत पायांवर, जमिनीवर बाळ पालथं घालायला, बाबागाडीत खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेत मात्र सुटं पांघरूण, उशी, गोधडी काही नको. तोंडावर आलं तर ते बाजूला सारता येत नाही. तिथे झोपायच्या पिशव्या मिळतात, त्यांच्यावर टॉग नावाचा उबेचा आकडा असतो. खोली १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉग, २० ते २४ असेल तर १. घोंगडी टोचते, पण बाबागाडीच्या तळाशी घातली तर खालून येणारी थंडी तोडते.

घरातला हिवाळा वेगळाच त्रास देतो. हीटरने हवा कोरडी पडते, लेकरांच्या नाकातून रक्त येतं, गाल फुटतात, ॲक्रिलिकचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील असं बघावं. साधा मोजणारा डबा स्वस्तात मिळतो. इथून न्यायचं खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा बाटली अरुंद तोंडाची नको, रुंद तोंडाची बरणी भरा. अंघोळीनंतर तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच लावलं तर टिकतं. बाळाला ऊन लागणारच नाही, म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, डॉक्टरांना विचारून चालू ठेवायचे.

बाळंतपणाला जाणाऱ्या आज्ज्या ओवा, बाळंतशेपा आणि कधी कधी शेगडीही बॅगेत घालतात. ओवा-शेपा न्या. तव्यावर ओवा गरम करून फडक्यात पोटली बांधून शेक देता येतो. धुरी आणि निखाऱ्याची शेगडी मात्र पूर्ण बंद. ती घरं थंडीसाठी हवाबंद बांधलेली असतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवाला धोका. धुराने छताचा अलार्म वाजतो तो वेगळाच. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलापर्यंत जातो.

वेळेचं गणित कॉलेजच्या सुरुवातीला जाणाऱ्यांचं चुकतं. ते ऑगस्टमध्ये निघतात आणि तेव्हा आपल्याकडे स्वेटरचा बाजारच नसतो. त्यांनी आधीच्या संक्रांतीच्या उतरत्या भावात माकडटोप्या आणि स्वेटर घेऊन ठेवावेत, थर्मल कधीही मिळतं.

आणि मागाहून पार्सल पाठवायचं असेल तर मापं वयावर सांगू नका. इथला दुकानदार १८, २०, २२ अशा नंबरात बोलतो, युरोपात उंचीचे सेंटिमीटर चालतात, ८६, ९२, ९८ असे सहा-सहाने वाढत, आणि अमेरिकेत २टी, ३टी. लेकराची उंची, छाती आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मागवा. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवायला सांगा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवा. पार्सलात माकडटोपी, पुढच्या मापाचे थर्मल आणि पातळ पायमोजे भरा. जॅकेट भरू नका. वजनाचे पैसे जॅकेटच्या किमतीवर जातात.